पायथ्याच्या विटा

सोनोग्राफी करणाऱ्या मॅडम बोलायच्या थांबल्या, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिघडलंय.

तोपर्यंत त्या छान बोलत होत्या. हा हात, हे पाठीचे मणके, हे बघा कसं पाय झाडतंय. मी पडद्याकडे कमी आणि त्यांच्या चेहऱ्याकडे जास्त बघत होते. मला ती खोडच आहे. पडद्यावरचं मला काय कळणार, चेहरा तरी वाचता येतो. त्यांनी पोटावरचं यंत्र खाली खाली सरकवलं, एका जागी दाबून धरलं, आणि गप्प झाल्या.

"बाथरूमला जाऊन या," त्या म्हणाल्या. "लघवी पूर्ण करून या. एकदा आतून बघू."

"काय झालं?"

"काही नाही हो. नीट मोजायचंय."

मी तेव्हा दूध संघाच्या लॅबमध्ये कामाला होते. एखाद्या गवळ्याच्या दुधाला फॅट कमी लागलं की आम्हीही त्याला असंच सांगायचो. काही नाही हो, परत एकदा मोजू.

पाचवा महिना पुरा होत आला होता. वरच्या मजल्यावर घोरपडे मॅडमचा दवाखाना होता. त्यांच्यासमोर मी, माझा नवरा सन्मती आणि माझ्या सासूबाई अशी तिघं बसलो. मॅडमनी रिपोर्ट वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

"बाळ उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "हे आधी नीट ऐका. बाळाला काहीही झालेलं नाही. पण पिशवीचं तोंड बंद ठेवणारी जी मान असते ना, ती तुमची आखूड भरलीय. अठरा मिलिमीटर. पंचवीसच्या वर असती तर मी काही बोलले नसते."

"म्हणजे?" सन्मतीने विचारलं. त्याचं शेतीपंपाच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान आहे. काहीही बिघडलं की आधी म्हणजे काय ते समजून घ्यायचं, मग घाबरायचं, अशी त्याची पद्धत. माझी उलटी.

"म्हणजे ते तोंड वेळेआधी उघडायची भीती असते. सहाव्या-सातव्या महिन्यातच बाळंतपण होऊ शकतं. होईलच असं नाही. म्हणून आत्तापासून बंदोबस्त करायचा. रोज रात्री एक कॅप्सूल, छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत. दर पंधरा दिवसांनी मोजू. फारच आखडलं तर टाका घालायचा पर्याय आहे, पण आत्ता त्याची गरज नाही."

"कॅप्सूलनं थांबतं?" मी विचारलं.

"सगळ्यांचं थांबतंच अशी हमी मी देणार नाही. पण धोका चांगला कमी होतो."

इतका वेळ सासूबाई गप्प होत्या. त्यांचं नाव राजमती. पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन, पिशवी मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. आता त्या पुढं सरकल्या.

"हिला झोपवून ठेवायची का?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "त्यानं काही फायदा होत नाही असंच दिसून आलंय. उलट पायांत रक्ताच्या गाठी होतात, अंगातली ताकद जाते. जड उचलायचं नाही, लांबचा प्रवास नको, बाकी हिंडूफिरू द्या."

"पलंगाखाली विटा?"

"नको."

"स्वयंपाकपाणी केलं तर चालतंय?"

"चालेल की. झेपेल तेवढं."

"नक्की ना?"

मॅडम हसल्या. "नक्की, आजी."

मला हसू आलं नाही. माझं बाळ पडेल की राहील अशी गोष्ट चाललेली, आणि ह्यांना काळजी कसली, तर सून स्वयंपाकाला उभी राहील का याची. पण मी बोलले नाही. लग्नाला दीडच वर्ष झालं होतं. त्यांच्याशी माझं भांडण नव्हतं आणि सलगीही नव्हती.

मग मॅडमनी मला एकटीला पडद्याआड नेलं आणि ती कॅप्सूल कशी वापरायची ते दाखवलं. ती गिळायची नसते, रात्री झोपताना आत सरकवून ठेवायची असते. म्हणजे जिथं हवी तिथंच काम करते. "वेळ चुकवू नका. आणि लाजू पण नका," त्या म्हणाल्या. मी मान हलवली.

आमचं घर आष्ट्याला. आम्ही पोचलो तर चंद्राआत्या आधीच दारात हजर. सन्मतीनं फोनवर सांगितलं असणार. आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण, गावातच दिलेली. सासरे गेल्यापासून आमच्या घरात शेवटचा शब्द त्यांचा. रंग कुठला लावायचा, लग्नात आहेर काय करायचा, सगळं आत्यांना विचारून. त्यांनी सोबत शेजारच्या बांधकामावरचा एक गडी आणला होता, आणि गड्याच्या डोक्यावरच्या घमेल्यात विटा होत्या.

"ये गं, पोरी. हळू. पायऱ्या नको चढू भराभरा," त्या मला म्हणाल्या. "सन्मती, धर पायथा. वर उचल. चार-चार विटा दोन्ही खुरांखाली. डोकं खाली, पाय वर. मूल कसं खाली येतंय बघतेच मी."

पाच मिनिटांत आमचा पलंग घसरगुंडीसारखा झाला. मी त्यावर आडवी झाले. खरं सांगते, मला बरं वाटलं. रक्त डोक्यात उतरत होतं, कानात भणभण होत होती, तरी वाटलं, आता ते सुरक्षित आहे. उतारावरचा दगड खाली कसा येईल? डॉक्टरांचं ऐकलं होतं मी. पण ऐकणं वेगळं आणि पोटात जीव असताना पाय खाली टेकवणं वेगळं. बी.एस्सी.ला शिकलेलं एक अक्षर तेव्हा माझ्या कामाला आलं नाही.

वाटेत देवळापाशी उतरलेल्या सासूबाई तेवढ्यात आल्या. दारात उभं राहून त्यांनी पलंग पाहिला.

"काढ ते," त्या सन्मतीला म्हणाल्या.

"आई, आत्या म्हणत्यात..."

"डॉक्टरनं काय सांगितलं ते तू ऐकलंस ना? काढ."

"राजमती," आत्या म्हणाल्या, "डॉक्टर काय, औषधं विकायला बसलेत. पोरगी पडून राहिली तर तुझं काय जातंय? चार महिने तू कर की स्वयंपाक."

"मी करतेच आहे, वन्सं. गेली पस्तीस वर्षं."

"मग? सगळ्यांना कळत नसलं तरी तुला तरी कळायला पाहिजे. उठलं-बसलं की काय होतंय ते तुला कुणी सांगायला हवं का?"

सासूबाईंचा चेहरा एकदम बंद झाला, दुकानाचं शटर ओढल्यासारखा. खाली वाकल्या, पलंगाचा कोपरा स्वतः खांद्यानं उचलला आणि पायानं विटा बाहेर ढकलल्या. सन्मती धावला तोवर एक बाजू धाडकन खाली आली. माझ्या तोंडून किंकाळी निघाली.

"काही झालं नाही," त्या मला म्हणाल्या. "ऊठ. तोंड धू. मेथी आणलीय, बसून निवड."

आत्या चपला घालताना मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "दगड आहे नुसती. नशीब त्या पोराचं."

त्या दिवसापासून मी सासूबाईंवर नजर ठेवायला लागले. त्या मला सकाळी अंगणात चकरा मारायला लावायच्या. भाज्या निवडायला, वाटाणे सोलायला बसवायच्या. उचलायला मात्र पाण्याचा तांब्याही देत नव्हत्या, पण ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. जरा आडवी झाले की पाचव्या मिनिटाला हाक. "अर्पिता, ये बाहेर. काय त्या छताकडं बघत पडायचं." मी उठताना पोट हातानं सावरून धरायची. शिंकताना मांड्या आवळायची. प्रत्येक वेळी बाथरूममध्ये गेले की आधी कपडे तपासायची, रक्ताचा डाग दिसला नाही की तिथंच डोळे मिटून उभी राहायची. आणि बाहेर आले की सासूबाई समोर उभ्या. "ठीक?" एवढाच प्रश्न. मला वाटायचं, पहारा देतायत.

आणि ते कॅप्सूलचं प्रकरण.

आम्ही जैन. आता गावातल्या सगळ्याच घरांत तेवढं कडक राहिलेलं नाही. सन्मती दुकानातून येताना बटाटेवडा खाऊन येतो आणि तोंड पुसून आईसमोर उभा राहतो. पण सासूबाईंनी सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंबही कधी तोंडात घातला नव्हता. मला दिवस राहिल्यापासून त्यांनी रात्री दूध घ्यायची मोकळीक दिली होती. औषधाचं मात्र त्यांचं म्हणणं असं, की पोटात जायचंच तर ते उजेडात गेलेलं बरं, लागू पडतं. डॉक्टर 'रोज रात्री' म्हणाल्या ते त्यांनी ऐकलं होतं, कसं ते ऐकलं नव्हतं. त्यांनी औषधांचं पाकीट आपल्या कपाटात ठेवून घेतलं. रोज संध्याकाळी, पश्चिमेकडच्या भिंतीवरचं ऊन वर चढायला लागलं की त्या एका हातात कॅप्सूल आणि एका हातात पेला घेऊन माझ्यासमोर.

"घे. अजून सूर्य आहे."

मी सांगू कसं? त्या माझ्याशी असल्या विषयांवर कधी बोललेल्या नव्हत्या, मीही नाही. मी कॅप्सूल मुठीत धरायची, पाण्याचा घोट घ्यायची आणि हळूच गाऊनच्या खिशात टाकायची. रात्री झोपताना तीच, मॅडमनी सांगितल्याप्रमाणे. सन्मतीला माहीत होतं. तो म्हणायचा, "सांगून टाक की एकदा." मी म्हणायची, "तू सांग." तो लगेच कूस बदलायचा.

पंधरा दिवसांनी पुन्हा मोजलं. सोळा.

"एवढा फरक मोजण्यातही पडतो," घोरपडे मॅडम म्हणाल्या. "आत काही उघडलेलं नाही. तोंड बंद आहे. औषध चालू ठेवा, पुढच्या वेळेस बघू."

पण माझ्या डोक्यात सोळाच घुमत राहिलं. अठराचे सोळा. अंगणातल्या चकरा, मेथी, वाटाणे. दुसऱ्या दिवशी सासूबाई देवळात गेल्यावर मी आत्यांना फोन केला आणि रडले.

"मी काय म्हणत होते?" आत्या म्हणाल्या. "तू इकडं ये. माझ्याकडं मधल्या खोलीत पलंग लावते. विटा घालते. इथं तुला कोण उठवतंय बघू. सन्मतीला सांग, उद्या सकाळी गाडी घेऊन सोडू दे. राजमतीला मी बघून घेते."

मी पिशवी भरली. दोन गाऊन, टॉवेल, रिपोर्टची फाईल. सन्मतीला सांगितलं तेव्हा त्यानं आधी दाराबाहेर बघितलं. "आईला काय सांगू?"

"काहीही सांग. माझं मूल आहे हे."

"माझं पण आहे," तो म्हणाला. मग म्हणाला, "सोडतो."

सकाळी मला मागच्या दारातून सासूबाईंची हाक आली. नेहमीची नव्हती. मी गेले तर त्या धुण्याच्या दगडापाशी उभ्या. हातात माझा आदल्या दिवशीचा गाऊन. दुसऱ्या हाताच्या तळव्यावर काहीतरी लिबलिबीत, पांढरट, फुटलेलं. आदल्या संध्याकाळी घाईत मी तो गाऊन तसाच धुण्यात टाकला होता, आणि रात्री त्यांच्या कपाटातून गुपचूप दुसरी कॅप्सूल काढून घेतली होती.

"हे काय आहे?"

मी गाऊन घ्यायला हात पुढं केला.

"खिशात होतं. रोज टाकतेस? एवढी औषधं आणायची, आणि तू लपवून टाकून देतेस? का? कुणी शिकवलं? वन्सं म्हणाल्या का औषध घेऊ नको म्हणून?"

"नाही आई. घेते मी."

"मग हे खिशात कसं? माझ्यासमोर तोंडात घालतेस आणि... पोरी, चेष्टा वाटते का तुला ही?" त्यांचा आवाज फाटला. मी त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. "तुला कळतंय का काय जाईल ते?"

"आई, ती खायची नसते!"

"म्हणजे?"

"गिळायची नसते. ती..." मी इकडेतिकडे पाहिलं. पलीकडच्या गच्चीवर कुणी नव्हतं. "आत ठेवायची असते. खालून. रात्री झोपताना. मी रोज ठेवते. एकही दिवस चुकवलेली नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग हातातल्या लगद्याकडे. मग परत माझ्याकडे.

"खालून?"

"हो."

"मग मी रोज सूर्याकडं डोळे लावून बसायची ती?"

मी मान खाली घातली.

"आणि पाणी कशाला पीत होतीस?"

"तुम्ही पेला धरायचा ना समोर."

त्यांच्या नाकपुड्या थरथरल्या. मला वाटलं आता रडतील. आणि त्या हसायला लागल्या. आधी नुसते खांदे हलले, मग त्यांना दगडावर बसावं लागलं. पदर तोंडात कोंबून त्या हसत होत्या, आणि त्यांना बघून मलाही आवरेना. दोघी मागच्या दारी, ओला गाऊन मध्ये, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी हसताना पोट धरायचं विसरले होते, हे मला नंतर आठवलं.

मग त्यांची नजर माझ्या पायांकडे गेली. मी बाहेरच्या चपला घातल्या होत्या. आणि दारातून आतली पिशवी दिसत होती.

"कुठं निघालीस?"

खोटं बोलायचं बळ त्या हसण्यात संपून गेलं होतं. "आत्यांकडे."

"झोपायला?"

"हो."

त्यांनी हात धुतले. पदराला पुसले. शेजारच्या जागेवर थाप मारली. मी बसले. दगड अजून ओला होता.

"सन्मतीच्या आधी मला एक झालं होतं," त्या म्हणाल्या.

मला हे माहीत नव्हतं. मला वाटलं, सन्मतीला तरी ठाऊक असेल. नंतर कळलं, त्यालाही नव्हतं.

"चौथ्या महिन्यात जरासा डाग दिसला. वैद्यांनी सांगितलं, झोपवा. आपल्याच मधल्या खोलीत, तुम्ही झोपता त्याच पलंगावर. पायथ्याला विटा. सासूबाई माझ्या आजारी, म्हणून वन्सं रोज बसायला यायच्या, नजर ठेवायला. सगळं पलंगावर. जेवण, न्हाणं, सगळंच. मी छत बघत पडायची. त्या तुळया आहेत ना, त्यातल्या प्रत्येकीची गाठ न् गाठ मला पाठ आहे."

"आणि?"

"सहावा संपायच्या आत एका दुपारी कळा सुरू झाल्या. वन्सं त्या दिवशी कुणाच्यातरी बारशाला गेल्या होत्या. आल्या तोवर झालं होतं. मुलगा. रडला नाही. हात एवढे एवढे." त्यांनी आपल्या करंगळीकडे पाहिलं. "आणि वन्संनी दारातूनच विचारलं, 'उठली होतीस ना?'"

मी त्यांच्याकडे बघितलं.

"मी उठले नव्हते गं. एकदाही नाही. पाणी प्यायलासुद्धा नाही. पण सगळं गाव येऊन बघून गेलं, आणि प्रत्येक बाई तेच म्हणून गेली. उठली असेल. कोण बघायला होतं. तरुण पोर, नाही राहावलं. ह्यांनीसुद्धा विचारलं मला. रात्री, अंधारात, हळूच. 'खरं सांग, उठली होतीस का?'"

मागच्या नळाला पाणी आलं होतं, बादली भरून वाहू लागली होती. दोघींपैकी कुणीच उठलं नाही.

"सन्मतीच्या वेळी मी माहेरी गेले ते बाळंतपणापर्यंत परत आलेच नाही. सातव्या महिन्यापर्यंत भुईमूग काढले शेतात. टिकला. का टिकला, मला काय ठाऊक? आधीचं का गेलं ते तरी मला कुठं ठाऊक? डॉक्टरीणबाईंना ठाऊक असेल. मला त्यातलं एकच कळतंय." त्या माझ्याकडे वळल्या. "तू चालतीफिरती असशील आणि देव न करो काही झालं, तर लोक म्हणतील, नशीब. झोपलेली असशील आणि झालं, तर म्हणतील, उठली असेल. मग तुला जन्मभर तेच. विटा पोराला धरून ठेवत नाहीत. आईला मात्र गुन्हेगार करून ठेवतात."

मी पिशवी रिकामी केली नाही. सन्मती आल्यावर त्यानं ती तशीच उचलून पलंगाखाली ढकलली आणि काही विचारलं नाही. आत्यांना फोन सासूबाईंनी केला. "ती येत नाही, वन्सं. इथं बरी आहे." पलीकडून काय काय आलं ते मला ऐकू आलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "हो. हो. बरं," आणि फोन ठेवला.

माझी भीती त्या दिवशी गेली असं नाही. भीती पुढचे चारही महिने माझ्यासोबत उठली, बसली, जेवली. पण तिच्याशी मला एकटीनं झुंजावं लागत नव्हतं. रात्री दिवे मालवायच्या आधी दाराबाहेरून आवाज यायचा, "अर्पिता, ठेवलीस का?" सन्मती उशीत तोंड खुपसून हसायचा. मी ओरडायची, "ठेवली!" आणि मगच त्यांच्या खोलीचं दार लागायचं.

पुढच्या मोजणीला सतरा आलं. त्याच्या पुढच्या वेळीही सतरा. घोरपडे मॅडम म्हणाल्या, "थांबलंय. आता टाक्याचा विषय सोडा." सासूबाई तेव्हा खोलीत होत्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, एक विचारू? जुनं आहे. समजा एखादी बाई महिनोन् महिने उठलीच नाही, आणि तरी सहाव्यात गेलं, तर कशामुळं?"

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्यांना कळलं असावं. "तपासल्याशिवाय नेमकं नाही सांगता येणार, आजी. कदाचित हिच्यासारखंच असेल. तेव्हा मोजायची सोय नव्हती, औषध नव्हतं. पण एक सांगते. उठल्यामुळं गेलं असं नसतं. आणि झोपून राहिल्यानं राहिलं असतं असंही नाही."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. बाहेर आल्यावर त्यांनी सन्मतीला सीताफळं घ्यायला लावली. इतकी की पिशवी फाटली.

सातवा गेला. आठवा लागला. मॅडमनी सांगितलं, आता आलं तरी सांभाळू, पण येऊ नये. ते आलं नाही. छत्तिसाव्या आठवड्यात कॅप्सूल बंद झाली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आता रात्रीचं काय विचारू मी?"

डिसेंबरात, उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ते भरलेले असताना, ऋजुता झाली. अडतिसाव्या आठवड्यात. तीन किलोला थोडी कमी, आणि जन्मताच अशी ओरडली की नर्स म्हणाली, ही गप्प बसणाऱ्यातली नाही. नर्सचं खरं निघालं. आज ती सात वर्षांची आहे आणि तिचं बोलणं संपायची वाट बघण्यात आमचं आयुष्य चाललंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या दवाखान्यात आल्या. नवी साडी, हातात डिंकाच्या लाडवांचा डबा. खोलीत मी पलंगावर, सन्मती खिडकीशी, आणि खुर्चीत सासूबाई, मांडीवर दुपट्यातली ऋजुता. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो इतका उघडा मी कधी पाहिला नव्हता.

आत्या दारातूनच म्हणाल्या, "बघू बघू! आलं बाई सुखरूप. अर्पिता, शहाणी गं तू. राजमती काहीही म्हणू दे, तू मनावर घेऊन पडून राहिलीस, म्हणूनच आज हे तोंड बघायला मिळालं. मी सगळ्यांना सांगते, बाईनं ठरवलं तर होतंय."

सन्मती खिडकीतून बाहेर बघायला लागला. मी तोंड उघडलं, पण सासूबाईंनी नुसता हात वर केला.

"ती एक दिवस पडून राहिली नाही, वन्सं," त्या म्हणाल्या. आवाज शांत होता, मूल झोपलेलं असताना असतो तसा. "रोज अंगणात चालली. वाटाणे सोलले. औषध घेतलं. आणि मी एक दिवस उठले नव्हते."

आत्या डबा हातात धरून उभ्या राहिल्या.

"एक दिवससुद्धा नाही. त्या दुपारीही नाही. तुम्ही बारशाला गेला होता तेव्हाही नाही."

बाहेर वॉर्डात कुणाचंतरी बाळ रडत होतं. सन्मती वळला होता आणि आईकडे बघत होता. ती दुपार त्याला काही महिन्यांपूर्वी मीच सांगितली होती, पण आईच्या तोंडून तो पहिल्यांदाच ऐकत होता.

आत्यांचे ओठ हलले. मला वाटलं भांडतील. तेवढं त्यांना सहज जमत असे. पण त्यांनी डबा हळूच टेबलावर ठेवला आणि विचारलं, "मुलगाच होता ना गं?"

"हो."

"मी तोंड बघितलं नाही त्याचं. धीर झाला नाही." त्यांनी डब्याचं झाकण उगाच दाबून बसवलं. "मी त्या दिवशी जायला नको होतं. तुझ्यापाशी बसायला पाहिजे होतं. ते मला स्वतःला बोलता येईना, राजमती. म्हणून तुला बोलले."

सासूबाईंनी दुपट्याची कड ऋजुताच्या हनुवटीखाली सारली. ऋजुतानं झोपेतच तोंड वाकडं केलं, आता रडते की काय असं वाटलं, आणि मग ते सरळ झालं.

आत्यांनी पुढं होऊन दोन्ही हात पसरले. "दे तरी इकडं. घेऊ दे मला."

"देते की," सासूबाई म्हणाल्या. "आधी हात धुऊन या."

आमच्या घरात आत्यांना असं कुणी कधी सांगितलं नव्हतं. आत्यांनी एकदा सासूबाईंकडे पाहिलं, एकदा बाळाकडे. मग बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या आणि कोपऱ्यातल्या बेसिनकडे गेल्या. तिथून त्यांनी विचारलं, "साबण कुठं आहे गं?"